तुम्ही तुम्हीच कशावरून?

माझ्या जुन्या मतदार ओळखपत्रावर एका माणसाचा फोटो आहे. तो माणूस मी नव्हे, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे, आणि आमच्या घरात एकमत ही दुर्मीळ गोष्ट आहे. कपाळ अंधारात, हनुवटी उजेडात, डोळे शिंकेच्या बेतात, आणि मागे शाळेच्या फळ्याचा कोपरा. त्यावर खडूने लिहिलेल्या 'पटसंख्या'मधला 'संख्या' तेवढा दिसतो. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून एका पोराने आमच्या अख्ख्या गल्लीचे फोटो एका सकाळी उरकले होते. "हलू नका" हे तो फोटो काढून झाल्यावर म्हणायचा. "हा माणूस स्थळ म्हणून आला असता तर बाबांनी चहासुद्धा विचारला नसता," असं बायको अधूनमधून ते कार्ड हातात घेऊन म्हणते. तिच्या स्वतःच्या कार्डावरची बाई कुठल्याशा मोठ्या चोरीच्या तपासात पोलिसांना हवी असावी, हे मी मनातच ठेवतो.

कार्डावर जन्मतारीख नाही. '१.१.१९९५ रोजी वय ३८' एवढंच आहे. त्यामुळे माझं आजचं वय काढायला समोरच्याला आधी वजाबाकी करावी लागते, मग बेरीज. एका बँकेतल्या मुलीने तर ते कॅल्क्युलेटरवर केलं आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. फोटोतला माणूस अडतीस वर्षांचा वाटत नव्हता आणि समोरचा माणूस फोटोतला वाटत नव्हता.

ही कार्डं शेषनसाहेबांची देणगी. १९९० च्या डिसेंबरात टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि तोवर पंचांगात ग्रहण दिसावं तसा वर्तमानपत्रात कधीतरी दिसणारा निवडणूक आयोग रोज पहिल्या पानावर दिसू लागला. १९९३ मध्ये त्यांनी फोटोच्या ओळखपत्राचा हुकूम काढला आणि कार्डं दिल्याशिवाय निवडणुका घेणारच नाही म्हणून दम भरला. पुढाऱ्यांची झोप उडाली. आमची उडाली नाही, कारण फोटो काढायला खुर्चीवर बसलं की कुणाची उडते? सर्वोच्च न्यायालयाने पुढे कार्ड नाही म्हणून मत अडवता येणार नाही असा मार्ग काढला, आणि आजही कार्ड हरवलं तर आधार, पासपोर्ट, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड अशा १२ पर्यायांपैकी एखादा चालतो. म्हणजे फोटोतला माणूस तुम्ही नसाल तर दुसऱ्या फोटोतला माणूस व्हायची सोय आहे.

पण माणसाला 'तुम्ही तुम्हीच कशावरून?' हा प्रश्न विचारणं किती अवघड असतं, हे मला टेबलाच्या पलीकडे बसल्यावर कळलं. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत मला मतदान अधिकारी क्रमांक १ म्हणून ड्यूटी लागली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला जत तालुक्यातल्या एका गावात पाठवण्यामागे सरकारचा काय विचार होता कोण जाणे. तिथे बोरी-बाभळींशिवाय माझ्या विषयाचं फारसं काही नव्हतं. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्यवाटप. मतपेटी, मतपत्रिका, शाईची बाटली, लाख, दोरा, मेणबत्ती, आणि कुठलाही कागद कुठल्या पाकिटात घालायचा हे सांगणारी पाकिटांची एवढी मोठी थप्पी. मग लाल डब्यातून गावात. रात्री शाळेच्या खोलीत बाकं जोडून झोप. पहाटे पाचला शिपायाने चहा आणला तेव्हा केंद्राध्यक्ष (बँकेतले एक सद्गृहस्थ) पाकिटं मोजत होते. संध्याकाळीही ते पाकिटंच मोजत होते.

क्रमांक १ चं काम म्हणजे यादी पुढे घेऊन बसायचं, येणाऱ्याचं नाव शोधायचं, ते मोठ्याने वाचायचं म्हणजे पक्षांच्या पोलिंग एजंटांना ऐकू जावं, आणि कुणी हरकत घेतली नाही तर त्या नावाखाली रेघ मारायची. पुरुषांचं सोपं होतं. नाव सांगायचे, बापाचं नाव सांगायचे, एकाने तर आजोबांचंही सांगून आमच्या ओळखीचा कुणी निघतो का पाहिलं. बायकांची रांग सुरू झाली आणि मी अडकलो.

"नाव?"

"लक्ष्मीबाई."

यादीत लक्ष्मीबाई नऊ. "पतीचं नाव?"

उत्तर नाही. पदर तोंडाशी. शेजारणीला कोपर. शेजारीण म्हणाली, "घे की गं." मागची म्हणाली, "घे, घे." रांगेला एकदम हळदीकुंकवाचा रंग चढला. मला वाटलं, काही गैरसमज झालाय. एजंट मंडळी खाली मान घालून हसत होती. शेवटी त्या सत्तरीच्या बाईंनी खाकरून घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"शाळेच्या खोलीत सायेब बसले ओळीत, अमुकरावांचं नाव घेते, शोधा बघू यादीत."

अमुकराव मी गाळलेत. त्यांनी गाळले नव्हते. सगळं केंद्र हसलं, केंद्राध्यक्षांच्या हातून पाकिटं सांडली. नाव सापडलं. रेघ मारली. भारत सरकारच्या नियमावलीत ओळख पटवण्याच्या रीती दिल्या आहेत त्यात उखाणा नाही, पण इतकी पक्की ओळख मला त्यानंतर कुठल्याही कार्डाने पटवून दिलेली नाही.

घरी येऊन मी ही गंमत सगळ्यांना सांगत सुटलो. पुढे केव्हातरी पहिल्या निवडणुकीबद्दल वाचलं आणि गमतीचा रंग थोडा उतरला. १९५१-५२ ची ती निवडणूक. १७ कोटींवर मतदार, साक्षरता १०० त १८, आणि सुकुमार सेन नावाचे गणितात रमणारे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. यादी करायला माणसं दारोदार गेली तेव्हा उत्तरेकडच्या कितीतरी बायकांनी परक्या पुरुषाला आपलं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच. सेन म्हणाले, यादीत आई आणि बायको चालणार नाही, माणूस हवा. आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली. नाव न सांगण्याची किंमत एक मत. सेन यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. 'तमक्याची बायको' कायम ठेवली असती तर ती पुढच्या पन्नास वर्षांतही लक्ष्मीबाई झाली नसती. पण त्या २८ लाखांतल्या एखादीला कुणी "घे की गं" म्हणणारी शेजारीण मिळाली असती तर, असं उगाच वाटतं.

त्याच दिवसाचा आणखी एक प्रसंग. दुपारी एक गृहस्थ आले, डोकं तुळतुळीत. नाव सांगितलं, सापडलं. एक एजंट उठून म्हणाला, "हरकत! ह्यो त्यो न्हवं. त्येला झुलपं हायती." गृहस्थ म्हणाले, "तिरुपतीला जाऊन आलोय." आता केंद्राध्यक्षांना पाकिटांपलीकडे काही करायची संधी आली. त्यांनी पुस्तक उघडलं. मतदाराच्या ओळखीवर हरकत घ्यायची तर एजंटाने दोन रुपये रोख भरायचे, मग चौकशी. हरकत खरी निघाली तर दोन रुपये परत, उगाच काढलेली निघाली तर सरकारजमा. एजंटाने खिसे चाचपले. शंभराची नोट निघाली. सुट्टे केंद्राध्यक्षांकडे नाहीत, पोलिसाकडे नाहीत, आणि ज्याच्यावर हरकत तो मतदार "माझ्याकडं हायेत, देऊ का?" म्हणाला. त्यावर एजंटच ओशाळला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, असंल त्योच." ते दोन रुपये आजतागायत दोनच आहेत. देशात सगळ्याचे भाव वाढले. 'तू तो नव्हेस' म्हणण्याचा भाव तेवढा स्थिर आहे. कुणीतरी तो मुद्दाम ठेवला असेल तर त्याचा मी चाहता आहे. परवडेल इतका कमी, आणि खिशात हात घालावा लागेल इतका जास्त.

निवृत्तीनंतर मी सकाळी नदीकाठी फिरायला जातो. चालणं अर्धा तास, कट्ट्यावर बसणं दीड. तिथे आम्ही सगळे पेन्शनर देशाचे प्रश्न सोडवतो. निवडणूक जवळ आली की कट्ट्यावर एक विषय ठरलेला: मत कुणाला असावं? कुणाला द्यावं हा नव्हे, त्यावर भांडणं होतात आणि मग डब्यातला चिवडा फिरत नाही. मत कुणाला असावं यावर मात्र आमचं जमतं. "पाचशे रुपयाला मत विकणाऱ्याचं एक आणि माझंही एकच?" हे माजी तहसीलदार. "निदान दहावी पास हवा." हे माजी मुख्याध्यापक. "मतदारांची एक परीक्षा घ्या, ५० गुणांची, वस्तुनिष्ठ." हा मी. प्रश्नपत्रिकेचा आराखडासुद्धा मनात तयार होता.

आम्हा लोकांना हे नवं वाटत असलं तरी ही खिचडी फार जुनी आहे. इंग्रजांनी हेच केलं होतं: शेतसारा भरतो का, घरभाडं किती, प्राप्तिकर भरतो का, शिकलाय किती. एवढ्या चाळण्या लावून १९३५ च्या कायद्यानंतरही लोकसंख्येच्या १०० तल्या साधारण १४ जणांनाच मत मिळालं होतं. उरलेल्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर १९१९ साली साउथबरो समितीपुढे बोलले, १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सगळ्या प्रौढांना मत द्या अशी मागणी मांडली. पुढे राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमात ते आलंच. नागरिक असावा, ठरलेल्या वयाचा असावा, वेडा किंवा गुन्हेगार किंवा निवडणुकीत लबाडी केलेला म्हणून कायद्याने अपात्र ठरलेला नसावा. वय तेव्हा २१, १९८९ पासून १८. शिक्षणाची, पैशाची चौकशी नाही. आणि मग १९५२ साली, ज्यांना मत मिळावं म्हणून हा माणूस तीस वर्षं झगडला, त्या मतदारांनी मुंबईत त्याला पाडलं; त्याच्याच एका जुन्या सहायकाला, काजरोळकरांना, निवडून दिलं. कट्ट्यावर हे मी सांगितलं तेव्हा माजी तहसीलदार म्हणाले, "बघा! म्हणूनच परीक्षा हवी." बाबासाहेबांना मात्र परीक्षा हवी असल्याचं माझ्या कधी वाचनात आलेलं नाही.

आता माझी स्वतःची परीक्षा कशी झाली ते सांगतो. हे कट्ट्यावर सांगितलेलं नाही.

पुष्कळांना ठाऊक नसतं की शिकलेल्यांना जास्त मतं देण्याची आमची हौस घटनेने थोडीशी पुरवलेली आहे. विधान परिषदेच्या जागांचा बारावा हिस्सा पदवीधर निवडतात आणि बारावा हिस्सा शिक्षक. महाराष्ट्रात ७८ पैकी सात आणि सात. म्हणजे नोकरीत असताना मला विधानसभेचं एक, पदवीधरांचं एक आणि शिक्षकांचं एक अशी तीन मतं होती, आणि आमच्या कॉलेजच्या बागेची निगा राखणाऱ्या माळीमामांना एक. रोपटी मात्र त्यांचीच जगायची. इंग्लंडात पदवीधरांना असं जादा मत होतं ते त्यांनी १९४८ च्या कायद्याने काढून टाकलं. आपण ठेवलंय.

फक्त त्याची यादी दर वेळी कोऱ्या कागदावर सुरू होते. मागच्या वेळी होतो म्हणून चालत नाही. पुन्हा नमुना १८ भरा, पुन्हा पदवीचा दाखला जोडा, १ नोव्हेंबरच्या आधी पदवी मिळून तीन वर्षं झाली हे पुन्हा दाखवा. माझी पदवी १९७७ ची. ती मधल्या काळात रद्द झालेली नाही, एवढं सरकार दर सहा वर्षांनी खात्री करून घेतं. २०२० साली दाखला शोधताना तो माळ्यावरच्या ट्रंकेत, बायकोच्या भरतकामाच्या नमुन्यांखाली सापडला. "तुमच्यापेक्षा माझं काम वर होतं," ती म्हणाली.

डिसेंबरात मतदान. मतपत्रिका उघडली तर उभं वर्तमानपत्र. तिथे यंत्र नाही, पसंतीक्रम लिहायचा: १, २, ३. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या पेनानेच लिहायचा, आकड्यातच लिहायचा. शब्दात 'एक' लिहिलं, बरोबरची खूण केली, सही केली, तर मत बाद. सूचना भिंतीवर होत्या. मी त्या वाचल्या नाहीत, कारण मी पदवीधर. पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो, चष्मा कपाळावर, आणि १ चुकून एक ओळ वर पडला. आता काय करायचं? अडतीस वर्षं पेपर तपासलेला हात. चुकीच्या आकड्यावर आडवी रेघ मारली, खालच्या ओळीत नीट १ लिहिला, आणि खाडाखोड केली म्हणून शेजारी आद्याक्षरांची सुबक सही ठोकली. घडी घातली, पेटीत टाकली, समाधानाने घरी आलो.

मतमोजणीला ड्यूटी लागलेला माझा एक विद्यार्थी पुढच्या आठवड्यात भेटला. म्हणाला, "सर, बाद मतांचा ढीग होता नुसता. काय काय करतात लोक! एकाने तर चक्क खाडाखोड करून सही केली होती." मी विचारलं, "सुशिक्षित लोक असं करतात?" तो म्हणाला, "फक्त सुशिक्षितच होते ना, सर."

ते मत बाद का व्हावं यावर मी बरेच दिवस चडफडलो. माझा हेतू तर स्पष्ट दिसत होता. मग एका दुपारी, आडवं पडल्यावर, उलगडलं. दाराशी मला विचारतात, तुम्ही कोण? यादी बघतात, कार्ड बघतात, नाव ओरडून सांगतात, डाव्या तर्जनीवर शाई ओढतात, सही घेतात. आणि दोन पावलं पुढे पुठ्ठ्यामागे गेलं की नेमकं उलटं: आता तुम्ही कोण हे कुणालाही, सरकारलाही, कळता कामा नये. इथे जमीनदार आणि त्याचा सालगडी, प्राचार्य आणि माळी, सगळे एकाच आकड्याचे होतात. आपण कोण हे सांगायची जिथे सक्त मनाई आहे अशी देशातली ती एवढी तीन फुटांची जागा, आणि मी तिथे जाऊन सही करून आलो होतो. पन्नास गुणांची परीक्षा घ्या म्हणणारा मी, शून्य.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना सही येत नाही. त्यांना विचारलं, तुमचं मत कधी बाद झालं का? त्या म्हणाल्या, "बाद कशापायी व्हईल? बटण दाबायचं, चिठ्ठी बघायची, पीं झालं की यायचं." ती चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. मावशी सात सेकंद उभ्या राहतात. मी विधानसभेला बटण दाबल्याबरोबर निघालोय.

अलीकडे एक जुना शब्द नव्या नोकरीला लागला आहे: दुबार. पाऊस दगा देतो तेव्हा पेरणी दुबार होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आता मतदार दुबार होतो. २०२५ मध्ये मुंबईत त्यासाठी मोर्चा निघाला, पेपरात रोज आकडे. यात लबाडीची नावं असतीलच, ती काढलीच पाहिजेत. पण माझ्या डोळ्यांसमोर आधी येतो तो कोकणातला चाकरमानी. खोली लालबागेत नाहीतर विरारला, घर राजापूरकडे, गणपती तिकडे, नोकरी इकडे, आणि मन कोकण रेल्वेत वेटिंग लिस्टवर. कायदा म्हणतो, तू जिथे 'सर्वसाधारणपणे राहतोस' तिथे तुझं नाव. त्याला विचारून बघा, तू सर्वसाधारणपणे कुठे राहतोस? तो ज्या गावी असेल त्याच्या दुसऱ्या गावाचं नाव सांगेल. त्याहून वरताण चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली तेलंगणच्या सीमेवरची बारा-चौदा गावं. दोन्ही राज्यं त्यांना आपली म्हणतात. माणसांकडे रेशन कार्डं दोन, मतदार कार्डं दोन. ज्या निवडणुकीला दोन्हीकडच्या तारखा वेगळ्या, त्या निवडणुकीला दोन्हीकडचं बोलावणं. यांना दुबार म्हणायचं की सरकारंच दुबार म्हणायची?

आणि ज्याचं पिल्लू परदेशात असतं त्याची कथा निराळी. न्यू जर्सीतल्या माझ्या पुतण्याने भारताचं नागरिकत्व सोडलेलं नाही. २०१० च्या दुरुस्तीने त्याला इथल्या यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः इथल्या शाळेत यावं लागतं. तो आला नाही. फोनवर मात्र तासभर, मत कुणाला असावं यावर बोलला.

आता मुख्य गोष्ट. ७ मे २०२४, लोकसभेचं मतदान. ऊन मी म्हणत होतं. मी सकाळी सातलाच रांगेत, खिशात जुनं कार्ड. क्रमांक १ च्या खुर्चीवर एक तरुण शिक्षिका. तिने यादीत वर पाहिलं, खाली पाहिलं, मग दुसरा कागद काढला. वगळलेल्या नावांची ती वेगळी यादी.

"काका, तुमचं नाव वगळलंय."

"का?"

ती संकोचली. "मयत."

मागे रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. मी म्हटलं, मी तर गेल्या नोव्हेंबरातच बँकेत हयातीचा दाखला दिलाय. सगळ्या पेन्शनरांचा तो वार्षिक सोहळा. अंगठा लावायचा, यंत्राने नाही म्हणायचं, बोट पुसायचं, पुन्हा लावायचं, आणि चौथ्या खेपेला आपण जिवंत निघायचं. तो दाखला मोबाईलमध्ये होता, दाखवला. ती म्हणाली, "जिवंत असून चालत नाही काका, यादीत नाव लागतं." नंतर कळलं, ते अगदी नियमाला धरून होतं. कार्ड नसलं आणि यादीत नाव असलं तर १२ वाटा आहेत. कार्ड असलं आणि यादीत नाव नसलं तर एकही नाही. आपण सारे कार्डावरून भांडतो. मत जातं ते यादीत.

ती पुन्हा यादी चाळू लागली. "तुमच्या घरातलं एक नाव आहे मात्र." आणि तिने माझ्या वडिलांचं नाव वाचलं, मोठ्याने, पोलिंग एजंटांना ऐकू जावं असं.

बाबा २००९ साली गेले. या मतदानाच्या दोन वर्षं आधी त्यांचं नाव कमी करावं म्हणून मीच नमुना ७ भरून दिला होता, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून. खाली अर्जदार म्हणून माझी सही. माझ्या नावाच्या मधोमध बाबांचं नाव असतं, तसं सगळ्यांचंच असतं. कुठेतरी कुणाच्या तरी बोटाने एक ओळ चुकवली आणि बापाऐवजी लेकाला उचललं. मतपत्रिकेवर एक ओळ चुकवलेला मी, कुणाला काय बोलणार?

एकजण म्हणाला, "वडलांच्या नावावर टाका की." विनोद होता, पण मी क्षणभर त्या शिक्षिकेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती क्रमांक १ च्या खुर्चीवर होती. मी घरी आलो. बायको मत देऊन परत आली, बोटावरची शाई दाखवत म्हणाली, "आमच्याकडे निदान मी तरी आहे." मग माझा चेहरा पाहून तिने चहा टाकला.

पुढच्या वर्षी बिहारमध्ये यादी तपासताना मसुद्यातून ६५ लाखांच्या आसपास नावं गेली आणि मयत ठरवलेली दोन माणसं चालत सर्वोच्च न्यायालयात येऊन उभी राहिली, हे वाचलं तेव्हा मला ती नात्यातली वाटली. यादी साफ करू नये असं मी कसं म्हणेन? बाबा तिच्यात आहेत. पण झाडू मारणाऱ्याने खाली वाकून बघावं. न्यायालयात जायला सगळ्यांनाच कुणी हात धरून नेत नाही, आणि ज्यांच्याकडे कागद कमी असतात त्यांच्यापाशी हयातीचे दाखलेही नसतात. ते फक्त हयात असतात.

२०२४ च्याच जूनमध्ये मी नमुना ६ भरला. तो नवीन मतदारांचा. कॉलेजातल्या शिबिरातच घेऊन या, असं मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाईंनी सांगितलं. तेच कॉलेज, जिथे मी अडतीस वर्षं शिकवलं. रांगेत पुढे-मागे अठरा वर्षांची मुलंमुली. पुढची मुलगी वळून म्हणाली, "आजोबा, तुमचं पहिल्यांदाच?" मी हो म्हटलं. तिने मला अर्ज कसा भरायचा ते समजावून सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. फोटो या वेळी स्टुडिओत जाऊन काढला. नवीन कार्ड पोस्टाने आलं, त्यावर चक्क मीच आहे. बायको म्हणते, जुनाच बरा होता.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. त्याच महिन्यात बँकेतही अंगठा लागला, तिसऱ्या खेपेला. केंद्रावर माझं नाव पुरवणी यादीत शेवटच्या पानावर होतं, वय ६७, वर आणि खाली १८-१८ ची नावं. बटण दाबल्यावर मी सात सेकंद उभा राहिलो. मूळ यादीत बाबा अजून आहेत. त्यांच्यासाठी नमुना ७ पुन्हा भरून टेबलाच्या खणात ठेवलाय, अर्जदाराच्या रकान्यात सही करायची तेवढी राहिली आहे.